जटलंडचा माळ, स्प्रूस आणि मुळांवरची बुरशी

१८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्श्टाइन हे प्रांत गमावल्यानंतर डेन्मार्कचे लक्ष देशातल्याच पडीक जमिनीकडे वळले, आणि १८६६ मध्ये एनरिको डालगास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हीथ सोसायटीने जटलंडमधील हेदर नावाच्या झुडपांनी व्यापलेल्या रेताड, आम्लधर्मी माळावर वनीकरण हाती घेतले. लाकडासाठी लावलेला स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष मात्र हेदरच्या सोबतीत वर्षानुवर्षे खुरटून राही; त्याच्याशेजारी डोंगरी पाइन लावले, की तोच स्प्रूस वाढीला लागे. लागवड करणाऱ्यांना अनुभवाने हे ठाऊक झाले. त्याचा उलगडा पुढे कित्येक दशके वादातच राहिला.

वनशास्त्रज्ञ पी. ई. म्यूलर यांनी १८७८ आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जंगलातील कुजलेल्या पालापाचोळ्याचे, म्हणजे ह्यूमसचे, दोन प्रकार वेगळे केले. ‘मुल’ या सुपीक प्रकारात गांडुळे पाचोळा खालच्या मातीत मिसळून टाकतात. ‘मोर’ या प्रकारात तो अर्धवट कुजून, बुरशीच्या तंतूंनी विणलेल्या आम्ल थराच्या रूपात मातीवरच साचून राहतो. बीच वृक्ष दोन्हींवर आढळत असला, तरी त्याची नवी रोपे मुलवर जशी सहज रुजतात तशी मोरवर रुजत नाहीत, आणि अशी बीचची राने कालांतराने हेदरच्या माळात बदलू शकतात, असे म्यूलर यांनी दाखवले. जमिनीचा कस केवळ खनिजांवर न मोजता तिच्यातील जीवसृष्टीशी जोडणारी ही मांडणी त्या काळाच्या मानाने धाडसी होती.

याच सुमारास ट्रफल या खाद्य बुरशीची लागवड प्रशियात शक्य आहे का, हे पाहण्याचे सरकारी काम बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांच्याकडे आले. ट्रफलच्या लागवडीपेक्षा त्यांच्या हाती मोठेच काही लागले: ओक, बीच, हेझल यांची पोषणमुळे बुरशीच्या आवरणाने वेढलेली असतात, आणि हे आवरण रोगाचे नसून भागीदारीचे आहे, असे त्यांनी १८८५ मध्ये मांडले व त्या जोडरचनेला मायकोरायझा हे नाव दिले. बुरशी झाडाला पाणी व क्षार पुरवते, झाड तिला साखर देते, हे आज सर्वमान्य असले तरी तेव्हा अनेक वनतज्ज्ञांना पटले नव्हते.

जटलंडच्या कोड्याकडे म्यूलर विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वळले, तेव्हा डोंगरी पाइनच्या मुळांवरील बुरशी हवेतील नत्र बांधते व स्प्रूसला त्याचा लाभ होतो, असे अनुमान त्यांनी केले. निरीक्षण पक्के होते, कारण चुकले होते. नत्र बांधण्याची क्षमता काही जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांत असते, बुरशीत नाही. पुढील संशोधनाने हेदरच्याच मुळांतील वेगळ्या जातीच्या बुरशीकडे लक्ष वेधले, जी मोरमध्ये अडकलेले सेंद्रिय नत्र सोडवून घेते. त्यामुळे अशा निकृष्ट जमिनीवर हेदर सरस ठरते आणि स्प्रूसची उपासमार होते. पाइन वाढून सावली धरतो, सावलीत हेदर मागे हटते, आणि पाइनच्या स्वतःच्या मुळांवरील बुरशीही त्या थरातील नत्र मोकळे होण्यास हातभार लावत असावी.