बियाणं मातीत गेलं, मग पुरावा कुठून आणायचा?

आजचा एपिसोड जरा घरचा आहे.

मी म्हसावदचा, शहादा तालुक्यातला. शाळेत होतो तेव्हा एका खरिपात आमचा कापूस निम्माही उगवला नाही. आबा दुकानात गेले, तर उत्तर मिळालं, "बियाणं खराब होतं हे सिद्ध करून दाखवा." आता काय दाखवणार? सगळं बियाणं तर जमिनीत! उसनवारी करून दुबार लागवड केली आणि विषय तिथेच संपला.

खूप वर्षांनी मला कळलं की या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच देऊन ठेवलं होतं. आबा दुकानात गेले त्याच्याही आधी.

थोडं मागे जाऊ. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. त्यात एक तरतूद होती: तपासणीशिवाय दोष कळत नसेल, तर वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. मिक्सर असेल तर ठीक आहे हो, पण पेरलेलं बियाणं कसं पाठवणार?

आपल्या जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स, म्हणजे महिको कंपनीने आंध्रातल्या एका शेतकऱ्याविरुद्धच्या खटल्यात हाच मुद्दा लावून धरला. नमुना तपासलाच नाही, मग दोष कसा ठरला? कोर्ट म्हणालं, शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरलं होतं, तो नमुना आणणार कुठून? कंपनी मोठी आहे, त्याच लॉटचं बियाणं तिच्याकडे असणार. तपासणीची मागणी तिलाही करता आली असती.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लगेच पटलं. ॲप क्रॅश झालं तर लॉग आम्ही तपासतो, युजरला सोर्स कोड मागत नाही.

पुढे २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि बियाण्यांचा वेगळा कायदा असला तरी तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. २०१९ च्या नव्या कायद्यात तर उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरणच आहे. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेताही जबाबदार धरला जाऊ शकतो. आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे म्हसावदकरांसाठी नंदुरबारला.

पण म्हणून प्रत्येक केस शेतकरी जिंकतोच असं नाही. पाऊस लांबला, बी खोल पडलं, तरी उगवण कमी होते. म्हणून उगवण फसली की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायची, शेताचा पंचनामा करून घ्यायचा. आणि पक्कं बिल, पिशवी, तिच्यावरचा लॉट नंबर जपून ठेवायचा.

आबांनी तेव्हा ती पिशवी चुलीत घातली होती. आता पेरणी झाली की रिकाम्या पिशव्या बिलासकट पत्र्याच्या पेटीत जातात. तुमच्या घरी कुठे जातात? आज विचारा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!