देगलूरच्या आधीचं ‘भारत जोडो’

‘भारत जोडो’ म्हटलं की आपल्याला ७ नोव्हेंबर २०२२ची देगलूरची गर्दी आठवते. पण हेच दोन शब्द घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेनं ३७ वर्षं आधी सायकली निघाल्या होत्या, हे नांदेड-लातूरच्या किती पोरांना ठाऊक आहे?

डिसेंबर १९८५. आनंदवनच्या बाबा आमटेंनी सत्तरी ओलांडलेली. मणक्याच्या आजारामुळं बसणं अशक्य, म्हणून ते गाडीत आडवे पडून निघाले. सोबत सायकलींवर शंभरावर तरुण-तरुणी. अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास.

काळ कसा होता? १९८४ साली सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई, इंदिरा गांधींची हत्या, मग दिल्लीत शिखांचं शिरकाण. पंजाब धुमसत होता. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथं देह ठेवला, त्या नांदेडला हे दुःख परकं कसं असेल?

१९८८ साली दुसरी यात्रा निघाली, इटानगर ते ओखा.

सायकलवाल्याला वाटेत थांबावं लागतं, पाणी मागावं लागतं. ओळख तिथंच होते. आज एका फॉरवर्डनं गाव फुटतं. त्या यात्रेत गेलेलं आपल्या भागातलं कुणी माहीत असेल तर कळवा. त्यांचं ऐकून लिहून ठेवू.