नेकनूर आणि ६३ बाइटांची चौकट

बीड जिल्ह्यातील नेकनूरमध्ये एखाद्या प्रिंटरला ‘नेकनूर ग्रामपंचायत कार्यालय’ असे नाव द्यायचे ठरले, तर स्थानिक नेटवर्कवर ते पुकारता येणार नाही. कारण १९८७ चे आहे.

त्या वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांच्या डीएनएस मानकाने नावाच्या प्रत्येक भागाला ६३ बाइटांची मर्यादा घातली. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. तिथे ती जाचली नाही.

२००२ मध्ये ॲपलचे ‘रॉन्देवू’ (पुढे ‘बॉन्जूर’) आले. यंत्राने स्वतःच आपली दवंडी पिटावी, शेजारच्या संगणकांनी ती ऐकावी, अशी ही व्यवस्था. लिनक्सवर हेच काम ‘अवाही’ करते. पत्ता २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३. सारे आधीच ठरलेले.

चेशायर आणि क्रॉकमल यांच्या २०१३ च्या मानकांनी सेवेचे नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे थेट देवनागरीतही, लिहिण्याची मुभा दिली. हे औदार्य लहान नव्हे, ‘.भारत’ या डोमेनला आजही पडद्याआड रोमन अक्षरांचे सोंग घ्यावे लागते. पण चौकट जुनीच राहिली. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

‘नेकनूर’चे होतात १८. पूर्ण नावाचे ७७. रोमन लिपीत तेच नाव ३० बाइटांत बसते.

अवाहीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही-६ बंद करता येते, ‘लोकल’ऐवजी दुसरे डोमेनही देता येते. ६३ चा आकडा बदलण्याची सोय तिथे नाही. ‘कार्यालय’ गाळल्यास ५२ बाइट होतात, तेवढे मावते.