वसईच्या घंटा

वसईच्या पाडावानंतर (१७३९) मराठ्यांनी पोर्तुगीज चर्चमधून उतरवून आणलेल्या आणि पुढे महाराष्ट्रातील देवळांत टांगलेल्या मोठ्या ओतीव घंटा. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली आणि भीमाशंकर येथील घंटा विशेष प्रसिद्ध आहेत.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून १५३४ मध्ये पोर्तुगिजांना मिळालेली वसई दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. किल्ल्याच्या तटाआत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची चर्च आणि मठ उभे होते. मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी वसईला वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरून बुरूज उडवले आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. पोर्तुगिजांना शस्त्रांनिशी आणि कुटुंबकबिल्यासह निघून जाऊ दिले गेले. घंटा मात्र मराठ्यांच्या हाती लागल्या.

घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. युद्धकाळात युरोपात चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या जात. तोफखान्याची निकड मराठ्यांनाही होतीच. तरीही या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. चर्चमधून उतरलेला नाद देवळात चालला, यात त्या काळाच्या श्रद्धेचा मोकळेपणा दिसतो. पण त्या विजयाची खूण म्हणूनही टांगल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. एका समाजाच्या प्रार्थनास्थळांतून त्या काढून आणल्या होत्या.

मेणवलीची घंटा १७०७ सालची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची उठावातली आकृती आहे आणि ती कोणी घासून काढलेली नाही. तिचे वजन सुमारे ६५० किलो सांगतात. कृष्णाकाठी नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाट आहे. तेथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या स्वतंत्र बांधकामात ती टांगली आहे. नाशिकची घंटा १७२१ सालची, म्हणजे वसई पडली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले आणि नदीकडच्या तटावर ही घंटा चढवली. गोदेचे पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचले म्हणजे महापूर आला, हे नाशिककरांचे जुने माप. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली, हे त्याहून कमी पुराचे माप. भीमाशंकरची घंटा शनिमंदिरासमोर आहे.

या घंटा गाभाऱ्यासमोर न टांगता बाहेर का टांगल्या, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. देवळातली नेहमीची घंटा हाताच्या टप्प्यात असते, दर्शनाला आलेल्याने एक टोला द्यावा एवढी. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते. दोराने ती अख्खी झुलवतात, तिचा जाड काठ लोलकावर आदळतो आणि नाद गावभर जातो. शेकडो किलोंचा हा भार सभामंडपाच्या छताला पेलवणारा नव्हे. म्हणून मेणवलीत वेगळे बांधकाम, नाशिकला तट आणि भीमाशंकरला मोकळी जागा.

 

या घंटांची खरी कागदपत्रे त्यांच्या अंगावरच आहेत : ओतताना उठवलेले साल, आकृती आणि चिन्हे. तैलरंगाचे थर ही अक्षरे बुजवतात आणि खरखरीत घासणीने ती झिजतात. देवस्थानांनी आणि ग्रामस्थांनी या घंटांना रंग लावू नये आणि त्यांच्यावरील अक्षरांची स्पष्ट छायाचित्रे आताच काढून ठेवावीत.