फोटोतले बुवा कोण?

15 जुलैला सरावलीत आमच्या ओळखीच्या एका मंडळात गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत खुर्चीवर हार घातलेला एक फोटो. सातवीतल्या पोराने विचारलं, "काका, हे आमदार होते का?"

चूक पोराची नाही. फोटोत चढाई नाही, पकड नाही, नुसता चेहरा. कार्यकर्त्याचा फोटो असाच असतो.

हे शंकरराव तथा बुवा साळवी. यांचा जन्मदिवस म्हणून 15 जुलै हा दिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन.

मंडळी, आपला हुतूतू पूर्वी गावोगावी वेगळा होता. कुठे संजीवनी, म्हणजे समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत. कुठे गामिनी, एकदा बाद तो बादच. कुठे अमर, कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. बंगालात तोच खेळ हा-डू-डू, दक्षिणेत चेडुगुडू. आता अशा दोन गावांची मॅच लावा बघू! भांडणंच व्हायची. नियम एक करायची खटपट पुण्या-बडोद्याकडे 1920 च्या आसपासच सुरू झाली होती. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे खेळ दाखवलासुद्धा. पण दाखवणं वेगळं आणि स्पर्धेत घ्यायला लावणं वेगळं. त्याला संघटना लागते, पत्रव्यवहार लागतो, दुसऱ्या देशांत टीम उभ्या कराव्या लागतात. बुवांनी आयुष्य घातलं ते या कामात. 1980 ला पहिली आशियाई कबड्डी स्पर्धा झाली, 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये प्रदर्शनी सामने, आणि 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी पदकाचा खेळ झाली. सोनं आपलं.

पुढचं सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो. 2018 मध्ये त्याच राष्ट्रीय महासंघाचा कारभार इतका बिघडला की दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. त्याच महिन्यात जकार्ताच्या एशियाडमध्ये इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि मुलींना फायनलला हरवलं. हरण्याचं खापर मी कारभारावर फोडत नाही, इराण खेळलाच भारी. पण खुर्चीला चिकटलेले पदाधिकारी आणि खेळासाठी वणवण करणारे, दोघांचेही फोटो भिंतीवर सारखेच दिसतात.

पोराला एवढं सगळं नाही सांगितलं. मंडळाच्या सेक्रेटरीला मात्र म्हटलं, भाऊ, फोटोखाली नाव आणि दोन ओळी तरी लिही. रविवारी पेंटर येतोय.