सूर्य झाकणारी तबकडी

जानेवारी १८९८. विजयदुर्गावर खगोलज्ञ नॉर्मन लॉकयर आणि जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला दुर्बिणी रोखून उभे होते, ते जेमतेम दोन मिनिटांसाठी. सूर्याभोवतीचा प्रभाकिरीट, म्हणजे करोना, खग्रास ग्रहणातच दिसायचा. एरवी सूर्यबिंब त्याहून सुमारे दहा लाख पटींनी झगझगीत.

मग चंद्राची वाट कशाला पाहायची? दुर्बिणीतच तबकडी बसवून सूर्य झाकावा. सुचायला सोपे, साधायला महाकठीण. ग्रहणाविना किरीट टिपायला जॉर्ज हेलसारखा कसबी खगोलज्ञ एटना ज्वालामुखीवर गेला आणि हात हलवत परत आला.

फ्रान्सच्या बर्नार लियोने आकाशाला दोष देण्याआधी दुर्बीण तपासली. भिंगावरची धूळ, काचेतला बुडबुडा, बारीकसा ओरखडा, सगळेच प्रकाश विखुरत होते. त्याने निर्दोष काचेचे एकच भिंग निवडले. तरीही भिंगाच्या कडेवरून वळून येणारा उजेड उरतच होता. लियोने तबकडीच्या मागे दुसरे भिंग ठेवून पहिल्या भिंगाची प्रतिमा घेतली. तिच्यात ती कड तेजस्वी कड्यासारखी उमटली. मधे भोक असलेला पडदा लावून त्याने नेमके ते कडे छाटले. तबकडी कुणालाही सुचली असती; खरी अक्कल या पडद्यात आहे. १९३० साली पिरेनीजमधल्या पिक द्यु मिदी शिखरावर, ग्रहण नसताना, किरीट दिसला. हाच करोनाग्राफ. आपल्या आदित्य-एल१ यानावरही त्याचा वंशज आहे.

१९८४मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतून या यंत्राने सूर्याऐवजी बीटा पिक्टोरिस हा तारा झाकला, तर भोवती धुळीची चकती दिसली. ग्रह घडतात ते अशाच चकतीत.

पृथ्वीसारखा ग्रह मात्र आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यापेक्षा दहा अब्ज पटींनी मंद. वातावरणाच्या थरथरीतून तो सापडणे अवघड, म्हणून अंतराळात जायचे. शिवाय आरसा लहान असला तर ताऱ्याचा ठिपका फोफावतो आणि तबकडीखाली ग्रहही गडप होतो. म्हणून अमेरिकी खगोलज्ञांनी २०२१च्या अहवालात सुमारे ६ मीटर आरशाची दुर्बीण सुचवली. आता तिचे नाव हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी. राहण्याजोग्या असू शकणाऱ्या सुमारे २५ ग्रहांचा प्रकाश तपासून तिने ऑक्सिजन, मिथेन, पाण्याची वाफ शोधावी, अशी अपेक्षा. त्यासाठी दुर्बीण किती स्थिर हवी? प्रकाशलहरींचा आकार अणूच्या व्यासाच्या लहानशा हिश्श्याहून जास्त ढळता कामा नये!

याच कामासाठी दुसरा मार्गही आहे. खगोलज्ञ लायमन स्पिट्झरने १९६२मध्येच सुचवले होते, की झाकणच दुर्बिणीबाहेर, हजारो किलोमीटर दूर तरंगत ठेवावे. हेबेक्स नावाच्या अंतराळ दुर्बिणीच्या आराखड्यात अशी ५२ मीटर रुंदीची, पाकळ्यांची छत्री होती. पण प्रत्येक नव्या ताऱ्यासाठी ती हलवायची म्हणजे पुन्हा इंधन जाळत लांबचा प्रवास. त्यामुळे सध्या तरी लियोच्याच घराण्याची चलती आहे.