झोजिला आणि तिसरा पर्याय

द्रासच्या पोस्टिंगला जाताना वर दरड कोसळली म्हणून आमचा कॉन्व्हॉय बालतालला चार तास अडकला. चहा घेत समोरचा चढ बघत बसलो. १९४८ च्या सप्टेंबरात ७७ पॅरा ब्रिगेडचे जवान हाच चढ चढून गेले होते. वर शत्रूच्या मशिनगन. हल्ले फसले, माणसं गेली. खिंड बंद म्हणजे लेहची वाट बंद, आणि पुढे हिवाळा.

फौजेत निर्णयाची एक रीत शिकवतात, अॅप्रिसिएशन. आधी उद्दिष्ट, मग घटक, मग खुले पर्याय, शेवटी योजना. गोची पर्यायांपाशी होते. मन आधीच एकावर बसलेलं असतं, बाकीचे दोन आपण नावापुरते लिहितो. मीही कोर्सला तेच केलं होतं. इन्स्ट्रक्टरनं लाल शाईनं एवढंच लिहिलं: "याशिवाय काय?"

मेजर जनरल थिमय्यांनी हाच प्रश्न खरोखर विचारला असं मला वाटतं. आणखी पायदळ वर पाठवणं हा सोपा पर्याय होता. त्यांनी साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे न्यायचं ठरवलं. पण हे एकट्याच्या हिमतीवर होण्यासारखं नव्हतं. खेचरांची वाट रणगाड्याला पुरेल एवढी रुंद होईल का, हे मद्रास सॅपर्सनीच सांगायचं. स्टुअर्ट रणगाडा तो चढ चढेल का, हे ७ कॅव्हलरीनं. यातलं एक उत्तर जरी भिडेखातर 'हो साहेब' असं आलं असतं, तरी सगळा बेत दरीत गेला असता. सॅपर्सनी रस्ता केला. रणगाड्यांचे टरेट उतरवून ते गुपचूप श्रीनगरमार्गे बालतालला आणले.

हल्ल्याची तारीख २० ऑक्टोबर होती. हवामान बिघडलं, तारीख पुढे गेली. मला विचाराल तर रणगाड्यांपेक्षा हे थांबणं अवघड. सगळी तयारी झालेली, रोज थंडी वाढतेय, आणि कमांडरनं सांगायचं, आज नाही.

१ नोव्हेंबरला रणगाडे वर चढले. पुढच्या रणगाड्यात स्वतः थिमय्या होते, असं सांगतात. शत्रूला तिथं रणगाड्याची कल्पनाच नव्हती. त्याच दिवशी गुमरी हाती आली, मग द्रास, आणि २४ नोव्हेंबरला कारगिलमध्ये लेहकडून आलेल्या तुकड्यांशी गाठ पडली.

दुपारी दरड हटली. आमची गाडी वर चढू लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "साब, इथं तर आमची जिप्सीसुद्धा रडते."